सकाळची नीरा, दुपारची नीरा

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. म्हणाले, "सिस्टर, नोकरीतलं काहीतरी लिहा, पण लसीकरणाचं नको, ते सगळ्याच लिहितात." म्हटलं, मग काय लिहू? तर म्हणाले, "एखादं घर, जे डोक्यातून जात नाही." फोन ठेवला आणि बसले. तसं घर एकच आहे. पण त्या घराशी मी बरोबर वागले का चुकीचं, हे मला अजून कळलेलं नाही. निवृत्त झाले, आता तरी डोकं शांत होईल म्हटलं, तर कसलं काय! कुरडया करपल्या आणि मी त्याच विचारात. तेव्हा शेवटी निष्कर्ष मिळेल या आशेने कुणी वाचत असेल तर त्याने पान उलटावं, पुढे विनोदी कथा असेल.

आणि हो, नावं बदलली आहेत. वाडी बदलली आहे. तरी ओळखू आलंच कुणाला, तर कृपा करून गप्प बसावं. त्या घरात दिवाळी अंक येत नाही, फक्त कॅलेंडर येतं, तेवढाच मला धीर आहे.

मी आरोग्यसेविका. सरकारी कागदावर हा शब्द, गावात 'सिस्टर' नाहीतर 'नर्सबाई'. माझी सगळी नोकरी बारामती आणि इंदापूर तालुक्यात गेली, शेवटचं उपकेंद्र भवानीनगरच्या बाजूला. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक तपासायचं टेबल, वजनकाटा आणि कायम बिघडलेला नळ. गावातली कुठली बाई पोटुशी आहे हे तिच्या नवऱ्याच्या आधी आम्हाला कळलं पाहिजे, असं वरचे साहेब म्हणायचे. नाव नोंदवायचं, वजन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि मग घरी जाऊन गोळ्या खरंच पोटात जातात का उकिरड्यावर, ते बघायचं. हे झालं काम.

नाव नोंदवताना काही प्रश्न विचारावे लागतात. तंबाखू? मिश्री? दारू? तिसरा प्रश्न मी नेहमी मान खाली घालून विचारायची, कारण शेजारी सासू बसलेली असायची. एकदा पिंपळीकडच्या एका सासूबाईंनी मला असं झापलं होतं की बस. "आमी काय तसल्या घरातल्या वाटलो व्हय तुमाला?" आणि हे बोलताना बोट दातावर, मिश्री चालूच. म्हटलं, ही काय मग? तर म्हणे, "मिश्री हाय ती. येसन न्हाय." आता बोला! एका नवरोबांनी तर मलाच कोड्यात टाकलं. "सिस्टर, पोटुशी ती हाय, मग मी घेतली तर चालतंय न्हवं?" मी म्हटलं, तू घेतलीस तर बाळाला नाही, मला त्रास होतो. तो हसला आणि गेला, बहुतेक घ्यायलाच.

खरं उत्तर मला त्या प्रश्नाला एकदाच मिळालं. कारखान्याजवळ ऊसतोडणीची टोळी उतरली होती, त्यातली एक बाई. आठवा लागलेला, पाचटाने शाकारलेल्या कोपीसमोर भाकरी थापत होती. मी विचारलं तर तिने मान वरही केली नाही. "घेते की बाई. दिसभर वाकून पाठ राहत न्हाई. त्यो अर्धी पितो, उरली ती मी." मी तिला तळमळून सांगितलं की आई पिते ते नाळेतून बाळाच्या रक्तात जातं, त्याच्या मेंदूला लागतं, ते जन्मभर निघत नाही. तिने ऐकून घेतलं, मला भाकरी दिली. मुलगी झाली. गुबगुबीत, रडायला खणखणीत, वजनाला चांगली. मी चक्रावले. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आमच्या डॉक्टर मॅडम, वयाने माझ्या लेकीएवढ्या, त्यांना जाऊन म्हटलं, मॅडम, आपण शिकवतो ते खरं का खोटं? त्या म्हणाल्या, "सिस्टर, लागेलच असं नाही, आणि आज दिसत नाही म्हणजे लागलं नाही असंही नाही. शाळेत गेल्यावर सुद्धा कळतं. कुणाला लागेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून तर एक घोटही नको म्हणायचं." टोळी गावाला परत गेली. ती मुलगी पुढे कशी निघाली, मला कधीच कळलं नाही.

आता ते घर.

सोपानतात्या. डाळिंबाची बाग, थोडा पेरू, बाकी भाजीपाला. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं शिजत नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचा मोर्चा निघाला तेव्हा पुढे चालणारा एकमेव पुरुष हा माणूस. घरात त्यांची बायको शेवंताकाकी, मुलगा संतोष, सून रूपाली आणि सहा-सात वर्षांचा नातू शिवम.

शिवम लोभस पोरगा. मी गेले की पळत येऊन माझी पर्स उघडणार. पण एका जागी बसणं नाही, काल शिकवलेलं आज कोरं, दोन कामं एकदम सांगितली की दोन्ही विसरणार आणि मग स्वतःवरच चिडून डोकं आपटणार. डोकं तसं लहान, डोळे बारीक, वरचा ओठ पातळ. शाळेतल्या बाईंनी सांगून टाकलं होतं, ह्याच्याकडून होत नाही. आणि शेवंताकाकींनी त्याचं कारण कधीच शोधून ठेवलं होतं. "हिच्या माह्यारचं खूळ हाय ते. हिचा चुलता तसलाच हाय." रूपालीच्या देखत म्हणायच्या, अगदी तिच्या हातचा चहा पीत. रूपाली खाली बघून भांडी घासायची.

ती दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर नाव नोंदवायला आली तेव्हा काकी सोबतच होत्या. मला म्हणाल्या, "सिस्टर, ह्या खेपेला नीट बघा. परत तसलंच झालं तर संतोषचं दुसरं बघावं लागंल आमाला." अशा आवाजात, की जणू म्हैस बदलायची आहे. मला इतका संताप आला की रक्तदाबाचा पट्टा मी रूपालीऐवजी काकींच्या दंडाला गुंडाळणार होते.

चौथा महिना लागला असेल. मी दुपारी गोळ्या बघायला त्यांच्या घरी गेले. कडक ऊन, काकी शेजारी गेलेल्या. रूपाली म्हणाली, "बसा सिस्टर, नीरा देते." कोपऱ्यातला प्लास्टिकचा कॅन घेतला, झाकण फिरवलं, तर फस्स! वर पांढरा फेस. पेला माझ्या हातात दिला आणि मला माझ्या माहेरचं गाव आठवलं. आमच्या ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती आणि पलीकडे ताडीचं दुकान. शाळेत जाताना नाक दाबून पळायचो आम्ही. तोच वास. जिभेला थेंब लावला. आंबट, झणझणीत.

म्हटलं, रूपाली, ही कुठून आणता?

"तात्या आणत्यात. इंदापूरला माल घेऊन जात्यात न्हवं, हायवेच्या टपरीवरनं. परवान्याची टपरी हाय, चांगली असती. शिवमच्या टायमाला मला उन्हाळे लागलं हुतं, उलट्या थांबंनात, तवापासनं तात्या रोज आणायचे. थंड असती, आन् बाळ गोरं हुतं म्हणत्यात." मग थोडी लाजून म्हणाली, "ह्यानं झोप बी छान लागती सिस्टर. नुसतं गुंगी आल्यावानी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नीरा म्हणजे शिंदीच्या झाडातून पहाटे निघालेला गोड रस. उजाडताच, थंड असताना प्यायली तर तो नुसता रस, त्यात दोष काही नाही. टपरीवाला विकतो ती तीच. पण उन्हात ठेवली की ती काही तासांत आंबते आणि तिची ताडी होते. तात्या सकाळी सकाळी कॅन भरून घ्यायचे, मग बाजार, लिलाव, हिशेब, आणि तापलेल्या पिकअपमधून दुपारी घरी. सकाळी घेतलेली नीरा घरी पोचेपर्यंत दारू झालेली असायची. आणि सून ती मोठा पेला भरून प्यायची, सासऱ्याने मायेने आणली म्हणून, रोज, हंगाम संपेपर्यंत. शिवमच्या वेळी, आणि आता परत.

मी तिला एवढंच म्हटलं की ही आंबलीय, ही पिऊ नकोस, अजिबात नाही, तात्यांना मी सांगते. सगळा कॅन मोरीत ओतला. ती घाबरली. "आंबली म्हंजी काय झालं सिस्टर? पोटाला काय हुतं का?" मी कॅन विसळायला घेतला. तिच्या मागे शिवम बादलीत हात घालून खिदळत होता. मला तिच्याकडे बघवेना.

गाडीवर बसले पण किल्ली फिरवेना. सांगायचं तर काय सांगायचं? तुझ्या माहेरचं खूळ नाही, हे सांगितलं की तिची सुटका. पण त्यासाठी सांगायचं की तू दारू प्यायलीस. काकी हे ऐकून काय करतील? जी बाई चुलत्याच्या नावाने सुनेला टोचते, तिच्या हातात मी दारू हा शब्द द्यायचा? आणि तात्या? त्यांना काय सांगू, की तुम्ही मोर्चा काढून बाहेर घालवलीत ती कॅनमधून घरात आणलीत? न सांगावं तर कारण कळल्याशिवाय कॅन थांबणार नाही, दोन दिवसांनी परत येईल. आणि हे सगळं खरंच त्यामुळेच झालंय का, हे तरी मला कुठे ठाऊक होतं! ऊसतोडीच्या त्या बाईची गुबगुबीत लेक सारखी डोळ्यासमोर यायला लागली. डोक्याचा नुसता भुगा.

डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपण अंदाज नको करायला. शिवमला बारामतीला मुलांच्या डॉक्टरांकडे दाखवूया. तुम्ही सोबत जा, आणि तिथे सगळ्यांसमोर बोला." बोला म्हणणं सोपं. तोवर मी तात्यांना फोन करून नीरा बंद करायला लावली. कारण विचारलं तर म्हटलं, डॉक्टर सांगतील. तात्या म्हणाले, "टपरी तर लई चांगली हाय वो," आणि बंद केली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, तोच मला खात होता.

बारामतीला संतोषने पिकअपमधून सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. आत रूपाली, शिवम, तात्या आणि मी. डॉक्टर वयस्कर, शांत. त्यांनी शिवमला ठोकळे दिले, चित्रं दाखवली, डोक्याला टेप लावला, बराच वेळ खेळले. मग रूपालीकडे वळून सहज विचारलं, "ह्याच्या वेळी गरोदरपणात दारू वगैरे कधी?"

तात्या उभेच राहिले. "डॉक्टर, तोंड सांभाळून. माळकऱ्याचं घर हाय आमचं. लेकीसारखी सून हाय ही."

रूपालीचा चेहरा पांढराफटक. ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मला वाटलं उठून सरळ बाहेर जावं, एसटी धरावी. पण तोंडातून निघून गेलं. "डॉक्टर, दारू नाही. दुपारपर्यंत ठेवलेली नीरा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग तात्यांना बसायला सांगितलं. आवाज अजिबात चढवला नाही. नीरा कधी घ्यायचात? तात्यांनी सांगितलं. घरी कधी यायचात? सांगितलं. मधल्या वेळात कॅन कुठे? "गाडीत असायचा. केबिनीत." बर्फ वगैरे? "न्हाय, बर्फ कशाला?" मग डॉक्टरांनी विचारलं, "झाकण काढल्यावर फेस यायचा?"

"यायचा की," तात्या म्हणाले. "ताजी असायची न्हवं. ताजी हाय म्हणून तर फेस..."

आणि थांबले. तो माणूस शेतकरी. काय आंबतं आणि कसं आंबतं हे त्याला मी काय शिकवणार! इतकी वर्षं त्यांनी फेस बघितला होता, आणि ताजं दूध काढल्यावर येतो तसाच तो, असं धरून चालले होते. दारू प्यायची नाही, दुकानाकडे बघायचं नाही, वास आला तर रस्ता बदलायचा, मग वास ओळखणार कोण? त्या खोलीत ते सगळं त्यांना एकदम उमगलं.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, ती दारूच झालेली असायची." मग लगेच पुढे म्हणाले, "पण शिवमचं त्यामुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. लक्षणं जुळतात. दुसऱ्या कारणांनीही असं होतं, काही वेळा कारण सापडतच नाही. आता पोटात आहे त्याची काळजी घ्या, थांबवलंत हे फार चांगलं केलंत. आणि ह्याला एका वेळी एकच काम सांगा, मारू नका, मंद म्हणू नका." मला वाटलं, तात्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढचं काहीच नाही. ते शिवमकडे बघत होते. तो ठोकळ्यांची रांग लावण्यात दंग.

परतीच्या वाटेवर मला वाटलं मला उपकेंद्रावर सोडतील, पण गाडी सरळ घरी. काकी दारातच. "काय म्हणलं डॉक्टर? हिच्या माह्यारचंच हाय न्हवं?"

तात्या ओट्यावर चढले आणि म्हणाले, "हिच्या माह्याराचं नाव ह्या घरात परत काडायचं न्हाय. पोराला मी पाजली."

काकी आधी हसल्याच. "तुमी? काय पाजलं?"

"दारू," तात्या म्हणाले. "पोटात असताना. रोज आणून पाजली. हिनं माझा शबूद मोडला न्हाय म्हणून पेली. दोष हिचा न्हाय, हिच्या चुलत्याचा न्हाय. माझा हाय." मग संतोषला म्हणाले, "आन् दुसरं बघायचं कुणी म्हणलं, तर आधी मला घराबाहीर काडायचं." काकी मटकन खाली बसल्या. रूपाली आत पळाली आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, मोकळा, मोठा. इतक्या वर्षांत मी तिला मोठ्याने बोलतानाही ऐकलं नव्हतं. मी ओट्यापाशी पर्स धरून उभी. पुढे होऊन सांगावं का, अहो तात्या, डॉक्टर नक्की नाही म्हणालेत? का गप्प बसावं? मी गप्प बसले. का बसले, सांगता येत नाही.

गोष्ट घरात थोडीच राहते! काकी कुणापाशी तरी बोलल्या आणि गावभर झालं, तात्याने सुनेला दारू पाजली. ज्यांचं दुकान बंद पडलं होतं त्यांना तर आयतंच कोलीत मिळालं. चहाच्या टपरीवर पोरं विचारायची, "काय तात्या, नीरा घेणार का?" भजनाला ते मागच्या रांगेत बसायला लागले, मग जायचेच बंद झाले. मी एकदा त्या पोरांवर अशी तुटून पडले की त्यातला एक म्हणाला, सिस्टरला बीपी झालंय. झालंच होतं.

रूपालीला मुलगी झाली. व्यवस्थित आहे, आता चालते, बोलते. पुढे शाळेत गेल्यावर काय, ते मॅडमनाही माहीत नाही. शिवम अजून शिवमच आहे. पण बागेत तात्या त्याला एका वेळी एकच काम सांगतात, झालं की दुसरं, आणि तो ते करतो. काकींनी तो विषय परत काढलेला नाही. रूपाली आता अंगणात मोठ्याने हाका मारते, शेजारणीशी भांडतेसुद्धा.

मला मात्र डॉक्टरांचं ते दुसरं वाक्य सुखाने झोपू देईना. निवृत्तीच्या आधी शेवटची फेरी म्हणून त्यांच्याकडे गेले. तात्या बागेत एकटेच होते, किती वाळले होते! मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, तात्या, त्या दिवशी तुमचं लक्ष नव्हतं, पण डॉक्टर आणखी एक बोलले होते. नीरेमुळेच झालं असं नक्की नाही म्हणाले. दुसरं काही कारण असू शकतं. तुम्ही उगाच सगळं स्वतःवर घेऊन बसलात. गावालाही सांगू आपण, मी सांगते चावडीवर उभी राहून.

तात्यांनी कात्री खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं.

"ऐकलं हुतं मी," ते म्हणाले. "तितंच ऐकलं. समदं ऐकलं."

म्हटलं, मग सांगत का नाही कुणाला?

"नक्की न्हाय म्हणलं, की शेवंता परत रूपालीच्या चुलत्यावर जाईल. तुमी बी कुठं बोलू नगा, सिस्टर. माझ्यामुळंच झालं, असंच राहू द्या."